दोन बोटं

माणसांआधी औषध उंदरांना द्यायचं आणि त्यांच्या पोटातली चित्रं काढायची, हे अमरावतीला विद्यापीठात आमचं काम. सर प्रमुख, मी मशीन चालवणारा. एवढे विद्यार्थी हाताखाली आहेत, तरी उंदीर बेशुद्ध करायला सर स्वतः येतात. दोन बोटं काखेत धरून ऊन करतात, मग त्याच्या बरगड्यांवर ठेवतात. तो पुन्हा जागा होणार असेल तर म्हणतात, "झोप, मी हाओ इथंच." शेवटचं स्कॅन असेल तर, "जा आता, राजा."

आमच्याशी बोलतानाही ते तोंडाकडे नाही, छातीकडे पाहतात.

परवा ते अकोल्याला, जठारपेठेतल्या दवाखान्यात माझ्या वडिलांना भेटायला आले. बाबा बरे होते. "सरांले चहा सांग," मला म्हणाले. सरांनी खुर्ची ओढली आणि दोन बोटं काखेत धरली.

मी घाईनं म्हणालो, "सर, उद्या सुट्टी होऊन राहिली त्याईची."

त्यांनी ऐकलंच नाही. बोटं बाबांच्या बरगड्यांवर ठेवली. मी मनातल्या मनात पहिलं वाक्य म्हणत राहिलो.

सर वाकले. "जा आता, राजा."

बाबांनी शहाण्या पोरासारखे डोळे मिटले.