रात्रीच्या हातातली जुळी

“मेट, त्या बाईच्या हातातलं दुसरं पोर आजच्या आज काढ!” ग्रॅहम फोनवर ओरडत होता. माउंट वेलिंग्टन या उपनगरात त्याचं गाद्यांचं दुकान आहे. आदल्याच दिवशी मी त्याच्या काचेवर व्हायनल लावून आलो होतो. व्हायनल म्हणजे छापलेली चिकट फिल्म. माझा धंदाच तो.

चित्र त्यानेच निवडलेलं. निक्स, म्हणजे ग्रीक पुराणातली रात्रीची देवी. मोठे काळे पंख, दोन हातांत दोन झोपलेली मुलं, एक गोरं, एक काळं. “झोपेची आई आहे ती. गाद्यांना याहून चांगलं काय?” असं म्हणत त्याने प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, सही केली होती.

मी तडक दुकानात गेलो.

“एक टीचर गादी बघायला आली होती,” ग्रॅहम म्हणाला. “ती म्हणते, एक मूल झोप आहे आणि दुसरं मृत्यू. माझ्या दुकानावर मृत्यू!”

माझं डोकं सटकलं. “पोरं मी जन्माला घातली नाहीत. सही तुझी आहे.”

“उरलेल्या दोन शाखांचं काम हवंय ना?”

हवं होतं. त्याच भरवशावर मी दोन माणसं कामाला ठेवली होती.

“मृत्यू कुठला?” मी विचारलं.

“काळा.”

“बघ हं. काळं मूल काढलं, गोरं ठेवलं. लोक काय म्हणतील?”

तो गडबडला. “मग गोरं काढ.”

“मग उरला मृत्यूच.”



घरी, फ्लॅट बुशला, पुण्याहून आलेल्या आईला सांगितलं. ती म्हणाली, “झोप आणि मरण सख्खी भावंडंच की रे. खोटं काय आहे त्यात?” हे ग्रॅहमला सांगण्यात अर्थ नव्हता.

शेवटी दोन्ही मुलांवर मी एक मोठी पांढरी उशी चिकटवली. ग्रॅहम “स्वीट अ‍ॅज”, म्हणजे एकदम झकास, म्हणाला, आणि दोन्ही शाखांचं काम दुसऱ्याला देऊन मोकळा झाला. तिथेही बाईच्या हातात माझीच उशी आहे. गिऱ्हाइकं विचारतात म्हणे, उशी घेऊन उभी आहे, हिला झोप का येत नाही?

चूक नेमकी कोणाची, मला अजून कळलेलं नाही. पण आता प्रूफवर सही घेण्याआधी चित्रातल्या प्रत्येकाचं नाव मी गिऱ्हाइकाकडूनच लिहून घेतो. तान्ह्या पोरांचंसुद्धा.