पहिले चार दिवस गळेल

विकायच्या वस्तूचा दोष आधी सांगायचा आणि किंमत नंतर, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बोटवाले अप्पा. त्यांनी एकदा सायकल विकायला काढली. गिऱ्हाईक अंगणात पाऊल ठेवतंय न ठेवतंय तोच अप्पांनी सांगून टाकलं, "मागचा ब्रेक लागत नाय, आणि चेन दर दोन दिवसांनी पडते. आता बघा." गिऱ्हाईक कसलं बघतंय! अप्पांच्या बायकोला सगळे आक्का म्हणत. त्या आत उभ्या राहून कपाळाला हात लावायच्या. "ह्यांना दुकान काढून दिलं असतं तर पहिल्याच दिवशी कुलूप लागलं असतं," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

हा खाक्या माणसांनाही लागू होता. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत त्यांची नि आमची भिंतीला भिंत. मी तेव्हा चोविशीतली, नुकतीच शाळेत शिकवायला लागलेली. मला भुसावळचं एक स्थळ सांगून आलं. शेजारी म्हणून त्या लोकांनी अप्पांकडे चौकशी केली. अप्पा म्हणाले, "बाई लय हुशार हाय. मनानं चांगली. पण स्वतःचं चुकलं तर कबूल करत नाय." स्थळ पुन्हा फिरकलं नाही. मी महिनाभर अप्पांशी अबोला धरला, आणि तो का धरला हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "मी काय खोटं बोललो का?" असं ते आक्कांनाच विचारत बसले.

अप्पा मूळचे मनमाडचे. जिथे हंडाभर पाण्यासाठी तासभर रांगेत उभं राहायचं, तिथला हा माणूस तरुणपणी मुंबईला गेला, मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत लागला आणि बारा वर्षं समुद्रावर राहिला. "बारा वर्षांत समुद्र पाहिला असंल महिनाभर," ते म्हणायचे. "बाकी सगळा येळ खाली, इंजिनापाशी." पुढे नाशिक रोडला कारखान्यात फिटर झाले, घर झालं, मूलबाळ झालं नाही. आणि आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात कसारा घाट चढून एक ट्रक आमच्या कॉलनीत आला. त्याच्यावर बोट. कुठल्याशा बंदरातल्या लिलावात घेतलेली, लाकडी, डिझेलवर चालणारी, जेमतेम बावीस फुटांची. पुढे दोन माणसं झोपतील एवढी केबिन आणि तिला गोल काचांच्या खिडक्या. कॉलनीतली झाडून सगळी माणसं बघायला आली. धरणाच्या पाण्यात लोकांना फिरवायचं असा अप्पांचा बेत होता. परवानगी काही मिळाली नाही. अर्जामागून अर्ज गेले, आणि घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर रेल्वेच्या जुन्या स्लीपरांवर टेकवलेली बोट सात वर्षं तिथेच राहिली.

दर रविवारी सकाळी अप्पा तिचं इंजिन चालू करायचे. इंजिनाला गारवा म्हणून पाण्याचं पिंप शेजारी ठेवायचं, त्यातून नळी आत घ्यायची आणि अर्धा तास ते धूड कोरड्या जमिनीवर धडधडत ठेवायचं. आमच्या मांडणीवरची भांडी नाचायची. मी खिडकीतून ओरडायची, "अप्पा, कुठपर्यंत पोचलात?" ते केबिनमधून डोकं काढून गंभीरपणे म्हणायचे, "बाई, मशीन आन् माणूस, बसवून ठेवलं की संपलं." लोक हसायचे. मीही हसायची. पण सात वर्षांत ते इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं नाही, असं एकदाही झालं नाही.

इंजिनाची त्यांना कधीच काळजी नव्हती. काळजी लाकडाची. मला त्यांनी ते नीट समजावून सांगितलं होतं. रिकामं लाकडी पिंप उन्हात राहिलं की त्याच्या फळ्या आटतात आणि फटी पडतात, तसंच बोटीचं. वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली बोट पाण्यात सोडली की ती गळणारच. तिला काठाला बांधून ठेवायची, आत येईल ते पाणी उपसत राहायचं, माणूस बसवायचा नाही. तीन-चार दिवसांत लाकूड फुगतं, फटी आपोआप मिटतात आणि मग ती दहा वर्षं थेंब आत घेत नाही. "तहानलेली हाय ती," अप्पा फळीवर हात ठेवून म्हणायचे. "आधी पोटभर पिऊ द्यायचं, मग कामाला लावायचं."

चौऱ्याऐंशीच्या थंडीत अप्पांचा खोकला थांबेना. इंजिनखोलीतला धूर आणि नंतर कारखान्यातला, दोन्ही छातीत साठले होते. डॉक्टरांनी आक्कांना बाहेर बोलावून सांगितलं की फार तर उन्हाळा निघेल. आक्कांनी ते अप्पांना सांगितलं नाही. ते अप्पांनीच आक्कांना सांगितलं. आणि मग त्यांनी बोट विकायला काढली. पैशांसाठी नव्हे. भंगारवाले तर कधीपासून टपलेले होते; आपण गेल्यावर ते आठ दिवसांत तिचे तुकडे करतील हे त्यांना दिसत होतं. "मी डोळे मिटायच्या आत ती पाण्यात गेली पायजे, बाई. माझ्या हातनं नाय तर नाय. कोणाच्याही हातनं." एवढं एकच मागणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं.

जाहिरात माझ्या अक्षरात लिहिली, शब्द त्यांचे. 'विकणे आहे. लहान डिझेल बोट, केबिनसह. इंजिन उत्तम. लाकूड सात वर्षे कोरडे. पहिले चार दिवस गळेल. भंगारवाल्यांनी येऊ नये.' मी म्हटलं, "अप्पा, 'गळेल' वाचून कोण येणार आहे?" ते म्हणाले, "ज्याला बोट कळती तो येईल." नाशकात बोट कुणाला कळणार? दोघं आले. एक डॉक्टर, एक हॉटेलवाले. दोघांनाही अप्पांनी काठीवर टेकून उभं राहून आधी गळतीचं सांगितलं, आणि दोघंही चहा घेऊन गेले ते गेलेच.

पुढच्या आठवड्यात अप्पांना दवाखान्यात ठेवावं लागलं. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायची. ते रोज मला धडा विचारायचे.

"कोणी आलं तर पयलं काय सांगायचं?"

"पहिले चार दिवस गळेल."

"आन् माणूस बसवायचा नाय."

"आणि माणूस बसवायचा नाही."

"शाब्बास," म्हणून ते डोळे मिटायचे. मुलांकडून पाढे म्हणवून घेणारी मी, तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

एका रविवारी सटाण्याकडचे एक कांद्याचे व्यापारी जीप घेऊन आले; जाहिरात त्यांनी वाचलेली नव्हती, बोटीचं कुणाकडून तरी ऐकलं होतं. धरणाच्या काठाला त्यांनी जमीन घेतली होती. परवानगीचं मी बघतो, म्हणाले. त्यांच्याबरोबर त्यांच्या ट्रॅक्टरचा मेकॅनिक होता, तिशीतला, सुकदेव नावाचा. अप्पांनी शिकवल्याप्रमाणे मी त्याला कळ दाखवली आणि इंजिन नेहमीसारखं पहिल्या झटक्यात सुरू झालं. सुकदेवचा चेहरा फुलला. "शेठ, इंजिन एक नंबर शे!" तो ओरडला. मग बोटीभोवती फिरला, फळ्यांवर हात फिरवला, वाकून खालून पाहिलं. बोट बघायला आलेल्या सगळ्यांत अप्पांसारखा तोच एकटा होता. आणि त्यानेच विचारलं.

"बाई, आत पानी तर येत नाय ना?"

चहाचे कप घेऊन आक्का दारात उभ्या होत्या. शेठ घड्याळ बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे ते डॉक्टर आणि ते हॉटेलवाले उभे राहिले, आणि दवाखान्यातल्या खाटेवरचे अप्पा.

मी म्हटलं, "नाही."

नेताना सांगू, असं मी मनाशी ठरवलं होतं. एकदा व्यवहार झाला की माणूस मागे हटत नाही, तेव्हा सांगू. ते गुरुवारी ट्रक आणि क्रेन घेऊन आले. मी वर्गात होते, आक्का दवाखान्यात. समोरच्या घरातल्यांनी किल्ली दिली आणि बोट गेली. शेठच्या दुकानाचा फोन नंबर माझ्याकडे होता आणि शाळेच्या ऑफिसात फोन होता. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. गळतीचं ऐकून त्यांनी बोट परत पाठवली तर अप्पांना काय सांगू, या भीतीने मी तीन दिवस फोन केला नाही. मेकॅनिक हुशार आहे, त्याला कळेलच, अशी मी स्वतःची समजूत घातली. अप्पांना मात्र गुरुवारी संध्याकाळीच सांगितलं की बोट गेली, रविवारी पाण्यात उतरणार. त्यांनी विचारलं, "सांगितलं ना समदं?" मी हो म्हटलं. त्या रात्री ते शांत झोपले, असं आक्का म्हणाल्या.

रविवारी शेठनी नारळ फोडला आणि चौघं जण बोटीत बसले. सुरुवातीला तळाशी थोडं पाणी दिसलं तेव्हा सुकदेव म्हणाला, तुम्ही चला, मी उपसतो. काठापासून बरंच आत गेल्यावर पाणी इंजिनापर्यंत चढलं आणि इंजिन बंद पडलं. त्या इंजिनाच्या वजनाने बोट मागच्या बाजूने बसली. बाहेरचे तिघं जण जाळी टाकायला आलेल्या माणसांनी ओढून काढले. सुकदेव केबिनमध्ये बादली घेऊन वाकलेला होता.

सोमवारी हवालदार दवाखान्यात आले तेव्हा मी अप्पांच्या उशाशीच होते. बातमी त्यांना कळलेली होती. हवालदारांनी विचारलं, बोटीत दोष आहे हे घेणाऱ्याला सांगितलं होतं का? अप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर मी बोलले असते. मग ते हवालदारांना म्हणाले, "नाय सांगितलं. माझं चुकलं. ह्या बाईंना बोटीतलं काय कळत नाय. मी त्यांनाबी सांगितलं नव्हतं." हवालदारांनी ते लिहून घेतलं आणि अप्पांचा अंगठा... नाही, अंगठा नाही, अप्पांनी सही केली, वळणदार, पूर्ण नावाची. हवालदार गेल्यावर मी "अप्पा," एवढंच म्हणाले. त्यांनी हात वर केला. "बोलायला लावू नका, बाई. दम लागतो."

ते पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. मीही नाही.

महिन्याभराने त्यांना घरी आणलं. त्यानंतर सुकदेवची बायको आली, भावाला घेऊन. आरडाओरडा काही केला नाही तिने. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "बाबा, तुमले माहीत व्हतं ना?" अप्पा भिंतीला धरून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "व्हतं, माय." मग तिने पायातली चप्पल काढून त्यांच्या दारात टाकली आणि अनवाणी निघून गेली. मी माझ्या दाराच्या पडद्याआड होते. चार पावलांवर. मला चार पावलं टाकता आली नाहीत.

कॉलनीत बोलणी सुरू झाली. जन्मभर लोकांना दोष सांगत फिरला, आणि खरं सांगायची वेळ आली तेव्हा मूग गिळून बसला! जे त्यांच्या खरेपणाला हसायचे तेच आता जोरात बोलत होते. अप्पांच्या कानावर ते जात होतं. वैशाखात, केस उभी राहायच्या आत, अप्पा गेले. मयताला मोजून अकरा माणसं होती. विहारातले भंते आले, वंदना झाली. मी रडले ते सगळ्यांनी पाहिलं, आणि शेजारीण असून किती जीव लावते, असंही कुणीतरी म्हणालं.

दिवस झाल्यावर मी आक्कांपाशी गेले. म्हटलं, मी त्या बाईला जाऊन सगळं सांगणार आहे. आक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी दारातच व्हते की कप घिऊन. मला वाटलं, तू बोलशील. तुला वाटलं आसंल, मी बोलंन." मग एक खडा काढून टाकत म्हणाल्या, "आता काय सांगती? त्यांनी मरता मरता तुझ्यासाठी केलं, त्ये फुकट घालू नको." मी त्यांचं ऐकलं. मोठ्या माणसाचं ऐकावं म्हणून नाही. सोयीचं होतं म्हणून ऐकलं.

त्या माणसाने आयुष्यात एकच खोटी साक्ष दिली आणि ती माझ्यासाठी. त्याबद्दल मला त्यांचे उपकार वाटायला हवेत. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग येतो. त्यांनी त्या दिवशी माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर मी शिक्षा भोगून केव्हाच मोकळी झाले असते. पुढे मी मुख्याध्यापिका झाले, निवृत्तीच्या वेळी शाल-नारळ झाला, भाषणांत माझ्या प्रामाणिकपणाचे दाखले दिले गेले. मी खाली मान घालून ते ऐकलं, आणि लोकांना तो विनय वाटला.

सुकदेवच्या बायकोचं नाव मला माहीत आहे, गावही माहीत आहे. ती अजून आहे, मुलाकडे असते, असं तिकडून आलेल्या एका शिक्षकाने मला सांगितलं. सटाण्याची एसटी सकाळी सात वाजता सुटते. तीन वेळा मी स्टँडवर जाऊन तिकिटाचे सुटे पैसे हातात घेऊन उभी राहिले आहे. गाडी लागते, माणसं चढतात, कंडक्टर विचारतो, "बाई, यायचंय का?"

आणि मी म्हणते, "नाही."