लोंबकळती वायर

मालगुंडला आमच्या घरी पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. सगळीकडे इंटरनेट वाटणारा स्विच एके दुपारी बिघडला. त्याचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते, नेट मात्र कुठेच नाही. लेक बोटीवर असतो. महिन्याने त्याचा व्हिडिओ कॉल चार वाजता यायचा होता.

रत्नागिरीहून दुरुस्तीला एक मुलगी आली. अंबाड्यात पेन खोचून तिने मांडी घातली आणि एकेक वायर चाचपत निघाली. एका वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचलेली निघाली.

"हे कोणी केलं?"

"मीच गो. एक टोक लोंबकळत होतं, बरं दिसेना."

"आजी, हा स्विच स्वतःशीच बोलत बसलाय. दुसऱ्यांचं ऐकणार कधी?"

तरुणपणी मी टेलिफोन ऑपरेटर होते. मोकळी वायर दिसली की भोकात खोचायची आणि वर लोकांचं बोलणं ऐकायचं. गाव आपल्याच बोटांवर चालतं, असं वाटायचं मला खुळीला तेव्हा.

मुलीने टोक उपटलं, रिकाम्या भोकांवर पट्टी चिकटवून लिहिलं, 'आजी, नको.' आणि हसत स्कूटरला किक मारली.

चारला लेक दिसला. "दुपारी मेसेज पोचत नव्हता. नेट गेलं होतं?"

"नाही रे. जुन्या ऑपरेटरने लाइन एंगेज ठेवली होती."