नगरीच्या पुढच्या शाळेत पाण्याने काढलेली चित्रं

नेहाचा फोन आला तेव्हा मी देवापुढची समई पुसत होते. नेहा म्हणजे माझी पोट्टी. धमतरी जिल्ह्यात, नगरीच्याही पुढे, एका गावातल्या प्राथमिक शाळेत पावसाळ्यापासून अतिथी शिक्षिका आहे. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. रायपूरच्या पोरांचं असंच असतं.

"मम्मी, मुझसे नहीं होगा. मैं छोड़ रही हूँ," एवढंच ती बोलली. मग नुसतं नाक ओढणं ऐकू येत राहिलं.

विचारून विचारून कळलं ते असं. शनिवारी संकुलातून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या कचेरीतून, साहेब शाळा पाहायला येणार. चित्रकलेचा तास मोठ्या गुरुजींनी, म्हणजे हेडमास्तरांनी, नेहाकडे दिलेला, आणि साहेब येतील तेव्हा वर्गाच्या भिंती मुलांच्या चित्रांनी भरलेल्या हव्यात असं बजावलेलं. मुलं तर काही काढतच नाहीत म्हणे.

नेहाच्या बाबांनी पेपर खाली ठेवला. "जा अन् घेऊन ये तिले. काहून जीव जाळून राहिली पोट्टी तिथं?"

मला ते पटलंही आणि पटलंही नाही. म्हणून मी दोन्ही तयारी केली. एक मोठी पिशवी रिकामीच घडी करून घेतली, तिचे कपडे आणायला. दुसरीत शिकवायचं सामान भरलं: गोल बाजारातून आणलेला गेरू, भिंती पोतायची पांढरी माती म्हणजे छुही, घरची हळद, लोकरीचे तुकडे, भेंड्या, आणि पांढऱ्या कागदांचे चार-चार तुकडे केलेला गठ्ठा. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेली, पण आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या गणपतीत लहान मुलांकडून असे उद्योग बरीच वर्षं करून घेतले आहेत.

गुरुवारी सकाळी देवाला हात जोडून निघाले. तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर भाठागावच्या बस स्टँडवरून धमतरीच्या गाड्या सारख्या सुटतात, घाई करू नका. मी घाई केली, आणि चुकीच्या गाडीत जाऊन बसले. कंडक्टरने उतरवलं. धमतरी दोन तासांत येते, रस्ता चांगला आहे. तिथे बिलाई मातेचं दर्शन घेतलं. फुलं घरूनच नेली होती, तो खर्च वाचला. स्टँडवर उडदाचे गरम बडे, म्हणजे वडे, आणि टमाटरची चटणी मिळते, पोटभर खाऊनही पन्नास रुपये होत नाहीत. मी एकच खाल्ला.

नगरीची गाडी लहान आणि गच्च भरलेली. सालाचं जंगल सुरू झालं तसा फोनचा टॉवर जाऊ-येऊ लागला. शेतांतून धान कापून पेंढ्या रचल्या होत्या. शेजारच्या बाईने चौकशी केली, कुठे, कशाला, कोणाकडे. सगळं ऐकून म्हणाली, "बेटी ल जंगल म अकेल्ला छोड़ दे हस दाई?" आणि हसून माझ्या ओंजळीत मुरमुरे ओतले. तिने थट्टाच केली असेल. मला मात्र पुढचा सगळा रस्ता 'पोरीला जंगलात एकटी सोडलीस' एवढंच ऐकू येत होतं.

नेहाची खोली एका साहू कुटुंबाच्या अंगणात आहे, स्वच्छ, दाराला चांगली कडी. ती आधी पाहून घेतली. पोट्टी वाळली होती. माझी पिशवी उघडून म्हणाली, "ये खाली झोला क्यों लाई?" मी सांगितलं, इकडची सेमीची, म्हणजे वालाची, शेंग ताजी असते, घेऊन जाईन. तिने पिशवीची पुन्हा घडी केली आणि खुंटीला अडकवली.

शुक्रवारी गुरुजींची परवानगी घेऊन तिच्या वर्गात गेले. दुसरी-तिसरीची मुलं, एकत्र बसतात. मी भेंडी आडवी कापून गेरूत बुडवली आणि कागदावर फूल उठवून दाखवलं. मुलांच्या तोंडून "हव दीदी, हव" निघालं, हव म्हणजे हो, मला धीर आला. नेहा कागद वाटू लागली. प्रत्येकाच्या हातात देताना म्हणत होती, "सँभाल के. दूसरा नहीं मिलेगा."

मुलांनी काय केलं असेल? प्रत्येकाने कोपऱ्यात एक ठसा मारला, भेंडी खाली ठेवली आणि सगळी मुलं हात बांधून बसली. मग म्हटलं, मनाचं काही काढा. फुलेश्वरी नावाच्या पोरीने बकरी काढली, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. शिंगं होती, शेपूट होतं, खाली लेंड्यासुद्धा होत्या. मोठी का नाही काढली, विचारलं.

"बड़े बनाहूँ त कागज सिरा जाही," ती म्हणाली. मोठी काढली तर कागद संपून जाईल.

"देखा मम्मी?" नेहा हळूच म्हणाली. "दीवार पर क्या लगाऊँ, साथ में दूरबीन भी?"

मी हसू शकले नाही. ते वाक्य नेहाच्या तोंडून निघालं होतं, पण माझं होतं. वही, पेन्सिल, तेल, साबण, आमच्या घरात प्रत्येक वस्तू हातात देताना मी तेच म्हणते.

मधल्या सुट्टीत चित्त थाऱ्यावर नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यावर चांगलं ऊन पडलं होतं. मी मुलांकडून कडुलिंबाच्या काड्या आणवल्या, टोकं चावून कुंचले करायला लावले, चार-चार पोरांत एक लोटा पाणी दिलं. सांगितलं, फरशीवर काढा, वाळून जाईल, काही संपत नाही.

आधी तिथेही मुंगीएवढीच चित्रं निघाली. मग फुलेश्वरीच्या बकरीचे पाय काढून होईतो शेपूट वाळून गेलं. ती शेपटाकडे धावली, तर तोंड गायब. ऊन बकरी खाऊन राहिलं होतं. पोरगी चिडली आणि तिने एवढी मोठी बकरी काढली की पार खांबापर्यंत गेली. मग सगळीच सुटली. बैल, ट्रॅक्टर, मोटारसायकलवरचा बाप, महुआचं झाड. नेहाने चपला काढल्या आणि ओल्या फरशीवर स्वतःच हत्ती काढायला बसली. तिला इतकं हसताना मी दिवाळीतही पाहिलं नव्हतं.

गोंगाट ऐकून मोठे गुरुजी आले. व्हरांडा पाहिला, मला नमस्कार केला, आणि नेहाला विचारलं, "कल साहब को क्या दिखाओगी? पानी?"

हसू तिथेच थांबलं. गुरुजी खोटं बोलत नव्हते. भिंत रिकामीच होती आणि एकच तास उरला होता.

नेहाने पुन्हा कागद काढले. पहिल्या पोराला देताना तिचं तोंड उघडलं. ती थांबली. मग म्हणाली, "ख़राब हो गया तो पलट लेना."

गेरू, हळद, छुही, आणि सेमीची पानं चुरडून काढलेला हिरवा रंग. अर्ध्या मुलांनी कागद भरला. बाकीच्यांनी अजूनही कोपराच धरला. एकाचा कागद ओला होऊन फाटला तर तो रडला, नेहाने लेईने चिकटवून दिला. घाबरत घाबरत झालेलं काम होतं. संध्याकाळी तिने चित्रं दोरीवर वाळत घातली. राहणार की येणार, हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

शनिवारी रायपूरची थेट गाडी सकाळची, शाळेसमोरूनच जाते. सिहावाच्या डोंगरावर ऋषींचा आश्रम आहे, तुम्ही जाल तेव्हा वेळ ठेवून जा. मी दुरूनच हात जोडले. साहूबाईंनी सेमीच्या शेंगा दिल्या होत्या, रिकामी पिशवी अर्धी भरली. गाडीच्या आधी साहेबांची मोटारसायकल आली. ते वर्गात गेले. मी रस्त्याच्या या बाजूला उभी राहून नामस्मरण करत होते, आणि मनात एकच, ती बाहेर आली तर हात धरून गाडीत बसवायचं.

गाडी दिसली तेवढ्यात नेहा खरंच बाहेर आली. हातात कालचाच, मुलांच्या चित्रांचा लोटा होता. व्हरांड्यातल्या बादलीत बुडवून भरला. मला पाहिलं, लोट्याच्याच हाताने जा म्हणून खूण केली, आणि आत गेली.

धमतरीपर्यंत मी फोन हातात धरून बसले. वाजला तेव्हा उचलायची भीती वाटली. साहेब काय म्हणाले, विचारलं. "कुछ ख़ास नहीं. चाय पी के गए. सोमवार को पत्तों के ठप्पे करवाऊँगी, चलेगा ना?" मी हो म्हटलं, वडाची पानं घे, शिरा चांगल्या उठतात. मग टॉवर गेला.

हिशोबाचं सांगायचं तर जाऊन-येऊन एका माणसाचं सहाशेत भागतं. जीव तिकडे आहे तो आहेच. रात्री कडी लावली का, हे मी अजून रोज विचारते.

घरी पोचले तेव्हा यांनी दार उघडलं आणि माझ्या मागे पाहिलं. कुकरमध्ये तिघांचा भात लावला होता.

"नेहा कुठी आहे?"

"तिले सोमवारी शाळा आहे," मी म्हटलं आणि चपला काढल्या.

यांनी दोन ताटं मांडली. उरलेला भात मी सकाळी फोडणीला घातला, आम्ही दोघांनी संपवला.