लिस्बनच्या पायऱ्यांवर देवाशी भांडण

दोन वर्षं मी देवाशी बोलत नव्हते. माझा नवरा दोह्यात, त्याच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये कोसळला आणि गेला. नेमक्या त्याच वेळी मी तिथल्याच अबू हमूर भागातल्या चर्चमध्ये दुसऱ्याच कोणाच्या आजारासाठी जपमाळ म्हणत बसले होते. त्यानंतर जपमाळेला हात लावला नाही. लोक म्हणायचे, देवाची इच्छा. मी म्हणायचे, मग मलाही इच्छा आहे, मी येत नाही. बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी पंधरा वर्षांची लेक मिशेल, दोघीच उरलो. मी नर्स आहे. माझा विश्वास आता फक्त माझ्या दोन हातांवर होता. मिशेलला बदाम-काजूची भयंकर अ‍ॅलर्जी आहे, एवढासा तुकडा पोटात गेला तरी तिचा घसा आवळतो. तिचं इंजेक्शनचं पेन मी कायम पर्समध्ये ठेवायचे आणि वर बघून मनात म्हणायचे, हिला मी सांभाळते, तू नाही.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. ओळखीचे सगळे गावी, वसईला निघाले. मला मात्र तिथे जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याचं सांत्वन ऐकायचं नव्हतं. नवऱ्याला लिस्बन बघायची फार हौस होती. वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्चेस दाखवत तो म्हणायचा, "हे बांधणारे पोर्तुगीज आले कुठून, ते शहर तरी एकदा बघून येऊ." त्याच्याशिवाय का होईना, मी दोन तिकिटं काढली. आमच्या प्रार्थनागटातल्या एल्विनामावशींना हे कळलं आणि लगेच फोन आला.

"फातिमाचं तीर्थस्थान तिथून जवळ आहे गं बाय. मारियामातेच्या पायाशी जाऊन ये, मन हलकं होईल."

"मावशी, मी सुट्टीवर चाललेय, यात्रेला नाही," असं म्हणून मी फोन ठेवला. एकाही चर्चचा उंबरा ओलांडायचा नाही असं ठरवूनच विमानात बसले.

पण त्या शहरात चर्च टाळणार कुठे? प्रत्येक वळणावर एक उभं. मिशेल आत जाऊन यायची, आणि मी बाहेर, उन्हात, पाठ फिरवून उभी राहायचे. लाज वाटत नव्हती, उलट बरं वाटायचं.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही आल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत फिरत होतो. गल्ल्या कसल्या, नुसत्या पायऱ्या. मिशेलने एका छोट्या दुकानातून केक घेतला. नट्स आहेत का, असं तिने इंग्रजीत विचारलं, म्हाताऱ्या दुकानदाराने हसून मान हलवली. दोघांनाही वाटलं, समजलं. चार घास खाऊन होतात न होतात तोच ती माझा दंड धरून म्हणाली, "ममा, माय थ्रोट." ओठ सुजायला लागले होते. मी पर्स उघडली. पेन नव्हतं. त्या सकाळी मी पर्स बदलली होती, आणि पेन हॉटेलात जुन्या पर्समध्ये राहिलं होतं. मी, जी दुसऱ्यांच्या चुका पकडते, ती मी.

दुकानदाराला ओरडून रुग्णवाहिका बोलवायला लावली, पण त्या पायऱ्यांवर गाडी येणार कशी? मिशेलचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिला मांडीवर घेऊन मी भर रस्त्यात, आमच्या वसईच्या बोलीत, देवावर ओरडले. ती प्रार्थना नव्हती. "एक नेलास तो पुरे झाला! हिला हात लावलास तर याद राख! मी तुला सोडणार नाही!" दोन वर्षांत त्याच्याशी तोंडाने बोललेलं पहिलं वाक्य हे.

तेवढ्यात खालून एक वयस्क बाई धापा टाकत वर आल्या. मिशेलचा सुजलेला चेहरा बघून त्यांनी हातातली पिशवी तिथेच टाकली, औषधाच्या दुकानाची पुडी फाडली आणि माझ्यापुढे खोकं धरलं. तेच इंजेक्शन. पण लहान मुलाचं, अर्ध्या डोसाचं. मी खोकं उघडलं. आत दोन पेनं होती.

दोन अर्धे, एक पूर्ण. दोन्ही मिशेलच्या मांडीत टोचली. काही मिनिटांत शिट्टी मंदावली. नंतर स्ट्रेचर घेऊन आलेल्या माणसाने त्या बाईंचं बोलणं इंग्रजीत करून सांगितलं. नातवाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, त्याचं औषध घेऊन घरी चालल्या होत्या. एरवी ट्रामने जातात. आज ट्राम बंद, म्हणून पायऱ्या चढल्या. मी त्यांचे हात धरले, त्यांनी माझ्या कपाळावर क्रूस काढला आणि रिकाम्या हातांनी नातवाचं औषध पुन्हा आणायला खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून सुटल्यावर मी समोर दिसलं त्या चर्चमध्ये शिरले. गुडघे टेकले नाहीत. उभ्यानेच म्हटलं, "थँक यू. पण नवऱ्याचा हिशोब बाकी आहे." आणि मग बाकावर बसून, त्याच्या जाण्यानंतर पहिल्यांदा, पोटभर रडले.

दोह्याला परतल्यावर एल्विनामावशींनी मला गटापुढे साक्ष द्यायला उभं केलं. "सांग, तुझ्या श्रद्धेचं फळ मिळालं म्हणून." मी म्हटलं, "नाही मावशी. श्रद्धा नव्हती. मी धमकी देत होते, तरी तो आला." मावशींनी माझा हात धरला.

शरण जाणं म्हणजे तोंड मिटून मान खाली घालणं, असं मला वाटायचं, आणि ते मला कधीच जमलं नसतं. आता वाटतं, पाठ न फिरवता त्याच्या तोंडावर भांडणं, आणि आपल्या हातून सुटलेलं त्याच्या हाती आहे हे मान्य करणं, हीसुद्धा शरणागतीच असावी. त्या बाईंचं नाव मला आजही माहीत नाही. दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्सेला मी त्यांच्यासाठी आणि त्यांच्या नातवासाठी प्रार्थना करते. विनवत नाही, बजावते: त्या पोराला जप.