समोरच्या भाभीचा सुतार

दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत सुतार बरेच येतात, पण घरात घ्यावा असा हा एकच. काम सुरू करण्याआधी तो फळीवरून तळहात फिरवतो आणि काहीही विचारा, "बिल्कुल हो जाएगा, भाभीजी," एवढंच म्हणतो. निघताना हत्यारांची पिशवी आमच्याकडे ठेवून जातो, म्हणजे उद्या येणार याची खात्री. पिशवी आपल्याकडे आहे म्हणजे माणूसही आपला, असं मी धरून चालले होते.

मग एका दुपारी समोरच्या भाभीच्या फ्लॅटमधून रंध्याचा आवाज आला आणि सोबत त्याचं गुणगुणणं. आमचा देव्हारा करताना हा कधी गुणगुणला नव्हता! मी पिशवी उघडून पाहिली. आत बोथट करवत आणि जुना हातोडा. रंधा तिच्याकडे.

"तिच्याकडे असं काय आहे?" मी नवऱ्याला विचारलं.

"सागवान," तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. "आपलं प्लाय आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या चहात आलं वाढवलं, सोबत शंकरपाळे द्यायला लागले. आणि काल चक्क आमच्या बाल्कनीतून गुणगुणणं ऐकू आलं. मी कप घेऊन धावलेच. तो तल्लीन होऊन रंधा मारत होता, पायाशी सालपटांचा ढीग, आणि पुढ्यात सागाचं भलंमोठं दार.

"सामनेवाली भाभीजी का है," तो हसून म्हणाला. "आपके यहाँ धूप अच्छी आती है."

चहा मी तिथेच, त्याच्यासमोर उभी राहून, पिऊन टाकला.