मारिंबाची झणझण

"नेल्सन, ये झन्-झन् बंद करो, जल्दी, यल्ला!" नझीरभाई कन्सोलमागून ओरडले. ते प्रॉडक्शन मॅनेजर, मी साउंड इंजिनिअर. दुबई मरीनाच्या एका हॉटेलात संध्याकाळी शो होता. ग्वाटेमालाहून आलेले डॉन राउल ('डॉन' म्हणजे आपल्याकडचं 'राव') मारिंबा वाजवणार होते. मारिंबा म्हणजे टेबलाएवढं वाद्य. वर लाकडी पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली लाकडी नळी. पट्टीवर काठी मारली की नळीत आवाज घुमतो.

आवाज गोड, पण सुरामागे सतत झणझण. खालच्या सुरांच्या आठ पट्ट्यांना तर फारच. मी केबल बदलली. माइक बदलला. लाइट्सची लाइन वेगळी केली. हटेना! वसईत चर्चच्या भोंग्यापासून सुरुवात केलेला माणूस मी. म्हटलं, हिला आज सोडत नाही.

मंडळी जेवायला गेली तेव्हा वाद्याखाली आडवा झालो. नळीच्या टोकाशी भोक, त्यावर कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा. तोच थरथरत होता. सापडला चोर! आठही भोकांवर टेप मारली. त्या आठ सुरांचा आवाज एकदम क्लीन.

"मास्टर आदमी है!" नझीरभाई खूश.

डॉन राउल आले, त्यांनी एक पट्टी वाजवली आणि हात थांबला. पुन्हा वाजवली. मग गुडघ्यांवर बसून खाली बघू लागले.

त्यांच्या मुलीने मला इंग्लिशमध्ये समजावलं. झणझण मुद्दाम ठेवलेली असते. पापुद्रा डुकराच्या आतड्याचा, मधमाशीच्या मेणाने चिकटवलेला. त्याच्याशिवाय वाद्य मुकं. अरे देवा! तंबोऱ्याच्या तारेखालचा, झंकार आणणारा जवारीचा दोरा काढून फेकावा, तसं केलं होतं मी.

घाईघाईने टेप ओढली, तर पापुद्रेही फाटून आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉन राउलनी खिशातून डबी काढली. सुटे तुकडे पाचच नळ्यांपुरते होते.

"बाकीचे?" मी विचारलं.

"गावी," मुलगी म्हणाली. "बाबा स्वतः सुकवतात."

उरलेल्या तीन भोकांवर परत टेप लावूनच शो झाला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, कुणाला काही कळलं नाही. डॉन राउल मात्र त्या तीन पट्ट्यांपाशी आले की डोळे मिटून घ्यायचे. जाताना त्यांनी माझा खांदा थोपटला. त्याचीच जास्त लाज वाटली.

आता नवं वाद्य आलं की केबल जोडायच्या आधी मी वाजवणाऱ्यालाच विचारतो, हे कसं वाजायला हवं? दोन मिनिटं लागतात.

त्या शोचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्यात तीन सूर एकदम क्लीन आहेत. मला ऐकवत नाहीत.